तिथी, ओहोटी आणि काणकोणचे आडवाटेचे किनारे

गोव्याचा किनारा दोन स्वभावांचा आहे. मुरगाव तालुक्यातल्या वेळसावपासून साष्टीच्या टोकाला असलेल्या मोबोरपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटरची पुळण इतकी सलग आहे की, मनात आणले तर माणूस वाळूवरूनच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जाईल. वाटेत एखादा ओहोळ आडवा येईल, तेवढाच अडथळा. मोबोरला साळ नदी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या बेतूलपासून सगळा नूरच पालटतो. तिथून पुढे डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरतात, जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट उघडी पठारे, कड्यापाशी अचानक संपतात आणि दोन सोंडांच्या बेचक्यात जेवढी वाळू अडकून राहिली असेल तेवढाच किनारा पदरात पडतो. केपे तालुक्याचा थोडा भाग आणि मग कर्नाटकच्या हद्दीपर्यंतचा अख्खा काणकोण तालुका हा असा तुकड्यातुकड्यांचा आहे, आणि आम्हा दोघांना दुचाकीवरून पाहायचे होते ते हेच तुकडे.

‘दुर्गम’ हा शब्द गोव्यात जरा जपूनच वापरायला हवा. सारे राज्य जेमतेम 3702 चौरस किलोमीटरांचे. मडगावहून निघालेला माणूस करमल घाट उतरून तासा-सव्वातासात काणकोणच्या चावडीवर चहा पीत बसलेला असतो. अंतर मोजू गेल्यास इथला कोणताही किनारा दूर नाही. तरीही काही किनारे असे आहेत की, तिथे दिवसाचे काही तासच माणसाला पाय ठेवता येतो, कारण उरलेल्या वेळी वाळू पाण्याखाली असते किंवा तिथवर नेणारी खडकांमधली वाट बुडालेली असते. मोबाइलमधला नकाशा रस्ता दाखवतो, पोहोचायला लागणारी मिनिटे दाखवतो, मात्र आपण पोहोचू तेव्हा तिथे किनारा शिल्लक असेल की नाही, हे तो सांगत नाही. ते सांगायला पंचांगच लागते.

हे शहाणपण माझे नव्हे, मास्तरचे. मास्तर माझा शाळेपासूनचा मित्र, पेडणे तालुक्यातला, आणि आता तिथल्याच एका हायस्कुलात गणित शिकवतो. मी फोंड्याचा. आमच्याकडे देवळे आणि कुळागरे, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, मुबलक असल्या तरी समुद्र पाहायला बाहेर जावे लागते, त्यामुळे भरती-ओहोटीचे माझे ज्ञान शाळेतल्या भूगोलापुरतेच होते. मास्तरने सहलीची तारीख ठरवताना माझ्या कार्यालयाच्या सुट्ट्या विचारल्याच नाहीत; त्याने दिनदर्शिका उघडली आणि माघातली पौर्णिमा शनिवारी येत असल्याचे पाहून तिथेच बोट ठेवले.

कोकणात जुन्या माणसांना ठाऊक असलेला त्याचा हिशेब असा. पंधरवड्यातल्या तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास मुंबईला पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा वाजता. भरती या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून गोव्यात ती मुंबईच्या साधारण तासभर आधी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी हेच चक्र सुमारे पन्नास मिनिटे उशिराने. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच; मुरगाव बंदरासाठीचे भरतीचे तक्ते त्याहून कितीतरी अचूक असतात आणि मोबाइलवरही मिळतात. पण त्या तक्त्यांत जे चटकन दिसत नाही ते या पाऊणपटीत दिसते. पौर्णिमा आणि अमावास्या या उधाणाच्या तिथी. पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत खोल ओसरते ते याच दिवसांत. आता या तिथींना भरतीची वेळ ठरलेली, म्हणजे ओहोटीचीही ठरलेली. उधाणाची खोल ओहोटी गोव्यात वर्षभर पहाटे किंवा संध्याकाळी पाचच्या आसपासच येणार. भर दुपारी ओहोटी हवी असेल तर अष्टमी-नवमी गाठावी लागते, आणि ती असते भांगाची, म्हणजे पाणी फारसे मागे हटतच नाही. जेवणखाण उरकून दुपारी एखादी आडबाजूची पुळण पाहायला निघालेल्या मंडळींना तिथे नुसते खडक आणि फेस का दिसतो, त्याचे कारण इतके सोपे आहे.

फोंड्याहून बोरीचा पूल, मडगाव, चिंचणी, असोळणा, बेतूल हा रस्ता सांगण्याजोगा नाही. मडगावला टाकी भरली, पाव आणि पातळभाजी खाल्ली आणि वाहतुकीतून वाट काढत निघालो. खरी सुरुवात बेतूलनंतरच्या चढापासून होते. वळणे घेत रस्ता वर येतो आणि अचानक झाडी मागे पडून उघडा सडा लागतो. पावसाळ्यात हाच सडा हिरवा आणि रानफुलांनी भरलेला असतो. माघात मात्र पिवळे वाळके गवत, मधूनमधून काळवंडलेला कातळ आणि त्यावर तापलेल्या मातीचा वास. याच भागातल्या नाकेरी-बेतूलच्या पठारावर 2016 मध्ये देशाचे संरक्षण साहित्याचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेव्हा इथले रस्ते रुंद झाले, असे वाटेत एकाने सांगितले. दुचाकीसाठी रस्ता सुरेख आहे हे खरे, पण समुद्रावरून येणारा आडवा वारा सड्यावर चांगलाच जाणवतो आणि वळणावर जांभ्याची रवाळ भुकटी पसरलेली असली की पुढचा ब्रेक विसरून जावा लागतो.

वाहनांविषयी थोडे सांगणे भाग आहे. माझी बुलेट, मास्तरची जुनी स्प्लेंडर. निघताना मी त्याच्या गाडीकडे पाहून हसलो होतो आणि त्याने ते मनात ठेवले होते. बुलेट दोनशे किलोच्या घरात जाते, स्प्लेंडर एकशे बारा. हमरस्त्यावर या फरकाचा अभिमान वाटतो. खोल्याच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटेवर तो अभिमान टिकत नाही. त्या वाटेवर पावसाने खणलेल्या चऱ्या आहेत, सुटे दगड आहेत, आणि समोरून पर्यटकांना घेऊन येणारी जीप दिसली की बाजूला सरकायला जागा शोधावी लागते. पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर, मागच्या ब्रेकला नुसता पाय टेकवून उतरणे हा एकच उपाय. क्लच दाबला की गाडी आपली राहत नाही. मास्तर पुढे गेला, खाली पोहोचला, हेल्मेट काढून झाडाखाली बसला आणि मी घामाघूम होऊन येईपर्यंत त्याने शहाळे संपवलेही होते. तो काही बोलला नाही. गणिताचे शिक्षक चुकलेल्या उदाहरणाखाली नुसती लाल रेघ ओढतात, तसे त्याने पाहिले फक्त.

पण मी क्रम सोडून पुढे गेलो. खोल्याच्या आधी काब द राम लागते. सकाळी अकराच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे किनारे पाहण्याची वेळ नव्हेच. म्हणून तो वेळ आम्ही किल्ल्यावर काढला. वनवासात राम इथे राहिला होता, अशी समजूत आहे आणि नाव त्यावरूनच पडले. सौंदेच्या राजांकडून पोर्तुगीजांनी हा किल्ला 1763 मध्ये घेतला; पुढे 1955 पर्यंत त्याचा तुरुंगासारखा वापर झाला. आत संत आंतोनीचे पांढरे चर्च अजून नांदते आहे, बाकी तट, खंदक आणि गंजलेल्या तोफा. पश्चिमेच्या बुरुजावरून उत्तरेला साष्टीची ती सलग पुळण दिसते आणि दक्षिणेला एकामागून एक समुद्रात घुसलेल्या सोंडा. आपण कुठून आलो आणि कुठे जाणार आहोत, हे एका जागेवरून पाहायचे असेल तर याहून चांगली जागा नाही. भरतीचे पाणी कड्याच्या पायथ्याशी आपटत होते आणि पायथ्याला वाळूचा कणही दिसत नव्हता.

काकोळ्याला कड्यावरून पायऱ्या उतराव्या लागतात. खाली नारळाची बाग, गोड्या पाण्याचा झरा आणि लहानशी वक्राकार पुळण. दुपारी पाणी उतरायला लागले होते तरी अजून बरेच वर होते. तिथे फार थांबलो नाही. सावलीत भाकरी सोडली, तांबड्या चटणीबरोबर खाल्ली आणि निघालो. चटणी खोल्याच्या मिरचीची होती, हे मुद्दाम सांगतो. या डोंगरउतारांवर पावसाळ्यात होणारी ही मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. फोंड्याच्या बाजारात तिच्या नावावर काय काय खपवले जाते, तो वेगळा विषय.

खोल्याचा किनारा आता अगदीच अपरिचित राहिलेला नाही. तंबू आहेत, होड्या आहेत, छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग आहे. तरी तो पाहावा, कारण तिथे नदी आणि समुद्र यांच्यातला व्यवहार उघड्यावर चालतो. डोंगरातून येणारा ओढा समुद्राला मिळायच्या आधी वाळूच्या बांधाने अडतो आणि माडांच्या सावलीत गोड्या पाण्याचे लांबट तळे साचते. पावसाळ्यात ओढ्याला जोर असतो तेव्हा तो हा बांध फोडून बाहेर पडतो. पाऊस ओसरला, ओढा मंदावला की लाटा पुन्हा वाळू आणून मुख बुजवतात. उधाणाच्या भरतीला एखादी मोठी लाट बांधावरून आत उडी घेते. आम्ही पोहोचलो त्याच्या काही तास आधीच तसे झाले असावे, कारण बांधाच्या आतल्या उतारावर समुद्राच्या फेसाने वाळलेली एक वेडीवाकडी कड राहिली होती आणि तिच्यात शिंपल्यांचे तुकडे, माडाची सुंभे आणि एक प्लास्टिकची बाटली अडकली होती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मऊ जमिनीवर बुलेटचा साइड स्टँड आत रुतत जातो आणि आपण पाठ वळवली की गाडी आडवी होते. माडाच्या बागेत त्याला उपाय फुकट मिळतो. अर्धी करवंटी पालथी घालून तिच्यावर स्टँड टेकवायचा; जाड, जुनी करवंटी पाहून घ्यावी, कोवळी असेल तर मट्कन फुटते. मास्तरच्या डिकीत अशा दोन निवडक करवंट्या कायम असतात. आणि गाडी उभी करायची ती वाटेच्या कडेला, बागेत, मालकाला विचारून. थेट पुळणीवर वाहन नेणे हा गोव्यात गुन्हा आहे, आणि तो का असावा हे दुसऱ्या दिवशी गालजीबागेला दिसलेच.

आम्हाला खरे गाठायचे ठिकाण होते आगोंद आणि पाळोळे यांच्यामधल्या डोंगराखाली. तिथे ‘हनिमून’ आणि ‘बटरफ्लाय’ अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन छोट्या खाचा आहेत. बहुतेक लोक पाळोळ्याहून किंवा आगोंदहून होडीने जातात. होडीवाले डॉल्फिन दाखवतात, अर्धा तास किनाऱ्यावर सोडतात आणि परत आणतात. त्यात वाईट काही नाही. मात्र डोंगरावरून पायी उतरायचे असेल तर डांबरी रस्ता सोडून मातीच्या वाटेने जमेल तेवढे आत जावे, गाड्या ठेवाव्यात आणि पुढे रानातून अर्धा-पाऊण तास चालावे. काजूला मोहोर आला होता आणि त्याचा गोडसर उग्र वास सगळ्या उतारावर भरून राहिला होता. वाट बऱ्यापैकी मळलेली आहे. शेवटचा उतार मात्र हात टेकून उतरावा लागतो.

चार वाजून गेले होते. खाली आलो तेव्हा पाणी झपाट्याने मागे हटत होते. सकाळी जिथे लाटा खडकांच्या माथ्यावरून जात असतील तिथे आता माणसाच्या उंचीचे ओले कातळ उघडे पडले होते, आणि त्यांच्यावर पाण्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांची जणू नोंदच होती. वरचा भाग कोरडा, करडा. त्याखाली बारीक पांढऱ्या शंकूंचा थर, हात लावला तर कानशीसारखा खरखरीत. त्याच्याही खाली कालवांची धारदार कवचे, आणि अगदी तळाशी, फक्त उधाणाच्याच ओहोटीला उघडा पडणारा, शेवाळाचा निसरडा हिरवा-तपकिरी पट्टा. गोव्यात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरांच्या आसपास फरक पडतो. खंबातच्या आखातात हाच फरक दहा मीटरांपर्यंत जातो, त्यामानाने आपले दोन मीटर किरकोळच म्हणायचे. पण मंद उताराच्या पुळणीवर दोन मीटर उंचीचे पाणी हटले की पन्नास-साठ मीटर वाळू मोकळी होते. दुपारी खोलीएवढी असलेली जागा संध्याकाळी मैदान होऊन बसते.

खडकांच्या टोकावर एक वयस्क गृहस्थ पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकत होते. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून जाळ्याची कड दातांत धरायची, उरलेले हातावर चुणून घ्यायचे आणि अंगाला हिसका देत गोल फेकायचे, हे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. दोन-चार शेवटे मासे आणि मूठभर सुंगटे, म्हणजे कोळंबी, यापलीकडे त्यांना काही मिळत नव्हते, पण घाईही नव्हती. आम्ही पलीकडच्या खाचेत खडकांवरून जाणार असे कळल्यावर त्यांनी मास्तरला समुद्रातला एक चपटा काळा दगड दाखवला आणि म्हणाले, “पात्रांव, सूर्य पळोवं नाकात, तो फातर पळयात. तो बुडूंक लागलो म्हणटकच परत येयात.” म्हणजे सूर्य पाहू नका, तो दगड पाहा; तो बुडू लागला की लगेच परत या. सूर्य मावळायला अजून अवकाश आहे म्हणून माणसे रेंगाळतात, दगडाची गोष्ट वेगळी.

त्यामागचा हिशेब मास्तरने चालता चालता सांगितला. पाणी सहा तासांत एकसारखे चढत नाही. ओहोटी संपल्यानंतर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणजे पहिला तास माणसाला वाटते की पाणी जागेवरच आहे, तो निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या तासाला परतीच्या वाटेवर कमरेएवढ्या लाटा उभ्या असतात. पाचची ओहोटी धरली तर सातनंतर पाणी जोरात येणार, आणि माघात सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. उधाणाच्या ओहोटीने आपल्याला सर्वांत मोठा किनारा दिला खरा, पण तो दिवसाच्या अगदी शेवटच्या टोकाला दिला.

पलीकडच्या खाचेत आमच्याखेरीज कोणी नव्हते. वाळूवर खेकड्यांनी बिळांतून उकरून काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी होती आणि एकही पाऊल उमटलेले नव्हते. मास्तरने चप्पल काढून पाण्याच्या कडेने फेरी मारली, मी पोहलो. पोहलो म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात डुंबलो. कलंगुट-कोलव्यासारखे इथे जीवरक्षक नाहीत, पोहण्याची हद्द सांगणारे लाल-पिवळे बावटे नाहीत. अशा बेचक्यात लाटांनी आत लोटलेले पाणी परत जायला अरुंद वाट शोधते आणि बहुधा खडकाच्या कडेकडेने बाहेर पळते. तो पट्टा लाटांविना शांत दिसतो, म्हणून अनोळखी माणसाला तोच पोहायला बरा वाटतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे आणि मग लाटेबरोबर आत यावे, हे सर्वांना ठाऊक असायला हवे. आम्हाला तशी वेळ आली नाही. चपट्या दगडाभोवती पाणी खेळू लागले तसे आम्ही निघालो, आणि गाड्यांपाशी आलो तेव्हा रानात विजेरी लावण्याइतका अंधार पडला होता.

रात्री आगोंदला राहिलो. जेवणात बांगड्याचे हुमण म्हणजे कालवण, किस्मूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, आणि उकड्या तांदळाचा भात. यापुढे त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखे काही नाही. दोघेही नऊ वाजता झोपलो.

सकाळी राजबागेच्या दक्षिण टोकाला गेलो तर तळपण समोर, नदीच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतके जवळ. वाहनाने जायचे तर आत वळून पूल गाठावा लागतो. ‘चार रस्ता’ नाका ते माशे हा नवा वळणरस्ता नोव्हेंबर 2019 मध्ये खुला झाला, त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव दिले आहे, आणि तळपण व गालजीबाग या दोन्ही नद्यांवर त्याचे उंच पूल आहेत. वेळ वाचतो यात शंका नाही. मला मात्र जुना रस्ताच आवडतो, कारण तो नदीच्या पातळीवरून जातो आणि खारफुटीच्या मुळांवर भरतीची ओल कुठवर चढली आहे ते गाडीवरूनच दिसते. त्या सकाळी ओहोटी साडेपाचला होऊन गेली होती. सातच्या सुमारास पाणी पुन्हा नदीत शिरत होते.

गालजीबागेच्या पुळणीमागे सुरूची दाट बाग आहे आणि दोन्ही टोकांना एकेक नदी. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे सागरी कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून संरक्षित आहेत. किनारपट्टी नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेतही त्यांची नावे दिलेली आहेत. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि निघून जातात. पुढचे पन्नासेक दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर असतात, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या उबेवरच ठरते. वनखात्याने कुंपण घालून राखलेली घरटी आम्ही बाहेरून पाहिली. चार बांबू, त्यांना गुंडाळलेली हिरवी जाळी, आत सपाट वाळू, आणि एका काठीला अडकवलेली पाटी. पाटीवर अंडी घातल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या, मार्करने लिहिलेली, उन्हाने फिकट झालेली. आत काहीही दिसत नाही. कुंपण नसते तर आम्हीही त्या वाळूवरून चालत गेलो असतो, आणि कोणी गाडी नेली असती तर वाळू दाबली जाऊन पिल्लांना वर येणे अवघड झाले असते. कासवाची मादी खड्डा काढते तो भरतीच्या रेषेच्या वर. पंचांग न पाहता तिला ती रेषा कळते, यावर मास्तरने खूप वेळ विचार केला आणि शेवटी म्हणाला, “आपण तिथीची पाऊणपट काढतो, ती बहुतेक पूर्णांकातच करत असेल.” शिक्षकांचे विनोद असेच असतात.

पोळे हे शेवटचे ठिकाण. हमरस्त्यावरचा तपासणी नाका यायच्या आधी उजवीकडे आत वळले की लोलयेच्या हद्दीतला हा छोटा अर्धचंद्राकृती किनारा लागतो; पुढची सोंड ओलांडली की कर्नाटक. इथे कासवे पाहायला कोणी येत नाही, छायाचित्रे काढायलाही फारसे कोणी येत नाही. उलांडीच्या, म्हणजे बाजूला आधाराचे लाकूड जोडलेल्या, होड्या वर ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली, आणि सावलीत बसून दोघे-तिघे फाटके डोळे विणत होते. वरच्या भगवती पठारावर मध्यंतरी चित्रनगरी येणार म्हणून गाजावाजा झाला आणि गावाने तिला विरोध केला. त्याविषयी विचारले तर एकाने मान वर न करता सांगितले की, पठारावर पडणारा पाऊसच खालच्या विहिरींत येतो. एवढ्या एका वाक्यात त्यांची बाजू संपली, आणि खरे सांगायचे तर ती मला पटली. जांभ्याचा सडा नुसता उजाड माळ वाटतो, पण त्याच्या सच्छिद्र कातळात पाणी मुरते, आणि काकोळ्याचा झरा काय, खोल्याचे तळे काय, या साऱ्या खाचांतले गोडे पाणी वरच्या सड्यांवरूनच येते. सड्यावर सिमेंट ओतून खाली किनारा तसाच राहील, ही अपेक्षा मला तरी धरवत नाही.

अकराच्या पुढे भरती चढली आणि पोळ्याची पुळण निम्मी झाली, तेव्हा आम्ही निघालो. परतताना किनाऱ्याचा रस्ता न घेता हमरस्त्याने करमल घाट चढलो. फोंड्याला पोहोचल्यावर पहिले काम गाडी गोड्या पाण्याने धुण्याचे. समुद्राचा खारा वारा चेन, स्पोक आणि सायलेन्सरच्या जोडांत बसतो आणि धुतले नाही तर आठवड्याभरात तांबूस चट्टे दिसायला लागतात. चेनला तेल सोडत असतानाच मास्तरचा फोन आला. हरमल आणि केरी यांच्यामधल्या सोंडेला खडकांवरून वळसा घालता येतो की नाही, हे त्याला पाहायचे आहे आणि त्यासाठी त्याने फाल्गुनातली अमावास्या काढून ठेवली आहे. तो दिवस माझ्या कार्यालयात वर्षअखेरीच्या हिशेबांचा असतो. मी रजेचा अर्ज टाकला आहे.